हलवायाचं घर आणि आमचं तुळशीपत्र

जून २०२३. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. परळच्या एका महापालिका शाळेत पाचवीला गणित शिकवणाऱ्या बाईंनी एका मुलाच्या दप्तरातली सरावपुस्तिका सहज चाळायला घेतली. गुळगुळीत मुखपृष्ठ, किंमत १८० रुपये, आतल्या पानावर ‘© सर्व हक्क प्रकाशकाधीन’. एका उदाहरणाशी त्या थांबल्या. ‘दादरहून सकाळी ७.६५ला सुटलेली लोकल ८.२०ला ठाण्याला पोहोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला?’

मध्य रेल्वे कितीही रखडली तरी घड्याळात ७.६५ वाजत नाहीत. ही चूक बाईंची स्वतःची होती. २०२०च्या लॉकडाउनमध्ये रात्री साडेअकराला मोबाइलवर टाइप करताना ७.४५चं ७.६५ झालं. सकाळी पोरांनी चिडवलं, बाईंनी वर्गाच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली, पण ड्राइव्हवरची फाइल तशीच राहिली. तीन वर्षांनी तीच लोकल छापील होऊन त्यांच्याच वर्गात येऊन थांबली होती.

मी शैक्षणिक साहित्याच्या परवानग्या आणि परवाने यांचं काम करते. वकील नाही, अडलं की एका वकील मैत्रिणीकडून तपासून घेते. बाईंचा फोन आला तेव्हा सूर असा होता की चोर सापडलाय, आता फक्त नोटीस पाठवायची. पुढच्या चार महिन्यांत मी हे प्रकरण जसजसं उलगडत गेले तसतसं वेगळंच काही हाती लागत गेलं. संबंधितांच्या संमतीने, नावं गाळून, ते इथे मांडते आहे.

साहित्य कसं तयार झालं

लॉकडाउनमध्ये मराठी माध्यमाच्या पाच शिक्षकांनी पाचवी ते सातवीच्या वर्कशीट करायला घेतल्या. परळच्या या बाई, मुलुंडच्या एका अनुदानित शाळेतले सर, त्यांच्याच संस्थेच्या भांडुपच्या शाळेतल्या बाई, गिरगावात घरी शिकवण्या घेणाऱ्या एक ताई आणि दादरच्या एक निवृत्त बाई. गणित, विज्ञान, मराठी मिळून २१४ वर्कशीट झाल्या. घरात एकच फोन, तोही बाबा कामावर घेऊन जाणार, म्हणून एका पानात एक धडा बसला पाहिजे, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. काम खरोखर चांगलं आहे. अपूर्णांक शिकवायला वडापावचे तुकडे आणि चाळीतल्या गॅलरीची लांबी वापरणारं साहित्य मी तोवर पाहिलं नव्हतं.

पहिल्या पानावर, पाचांपैकी कुणीतरी, एक ओळ लिहिली होती: ‘शैक्षणिक हेतूसाठी मुक्तपणे वापरा, पुढे पाठवा.’ कुणी लिहिली हे आज कुणालाच आठवत नाही.

मुलुंडचे सर सगळ्या वर्कशीट एकसारख्या दिसाव्यात म्हणून मांडणी करून देत. ते पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी व्हिडिओ पाहून संगणकाच्या गोष्टी शिकले. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर सगळ्यांना खुलं करून देणाऱ्या तयार परवान्यांपैकी, ‘श्रेय द्या, तसंच वाटा’ हा परवाना लागू असतो. सरांना त्याचं चिन्ह आवडलं. त्यांनी ते आपल्या वर्कशीटच्या तळाशी लावलं, आणि मांडणीला आलेल्या इतरांच्याही बऱ्याच वर्कशीटना लावून टाकलं. भांडुपच्या बाईंनी मात्र जुना नमुना वापरला होता, त्यामुळे त्यांच्या पानांवर ‘सर्व हक्क राखीव’ असं राहून गेलं. म्हणजे एकाच फोल्डरमध्ये तीन वेगवेगळी फर्मानं, आणि त्यातलं एकही विचारून काढलेलं नाही.

उडप्याकडची बैठक

पुस्तिका छापणारे गृहस्थ छोटे प्रकाशक. क्लासेसना नोट्स, व्यवसायमाला पुरवतात. नोटिशीआधी भेटा, असं मी सुचवलं. दादर पश्चिमेला स्टेशनजवळच्या एका उडपी हॉटेलात आम्ही चौघं बसलो. त्यांनी पिशवीतून तीन प्रती काढून टेबलावर ठेवल्या, आणि त्यांच्यापुढे आमच्याच पहिल्या पानाची झेरॉक्स.

“ताई, चोरी म्हणू नका. इथे काय लिहिलंय? मुक्तपणे वापरा, पुढे पाठवा. मी पाठवलं.”

“विकायला नव्हतं सांगितलं,” मुलुंडचे सर म्हणाले.

“नको असंही कुठे सांगितलंत? आणि सर, टायपिंगचे पैसे माझे गेलेत. तुमच्या पीडीएफमधून एक ओळ कॉपी होत नव्हती, नुसता कचरा येत होता.”

हे खरं होतं. बऱ्याच वर्कशीट श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या. युनिकोड नसल्यामुळे मजकूर उचलला की भलतीच अक्षरं उमटतात. त्यांनी टायपिस्ट बसवून ९६ वर्कशीट पुन्हा टाइप करून घेतल्या, आणि टायपिस्टने समोर दिसली ती ७.६५ची लोकल निष्ठेने उतरवली. पुन्हा टाइप केलं की मजकूर आपला होतो, असं त्या गृहस्थांना मनापासून वाटत होतं. तसं होत नाही. मेहनत आणि खर्च करून केलेली नक्कल ही नक्कलच राहते.

परळच्या बाई इतका वेळ गप्प होत्या. कॉफी आल्यावर त्या म्हणाल्या, “पैशांचं जाऊ द्या हो. माझं नाव कुठे गेलं?”

“हेडर-फुटर उडाला असेल,” प्रकाशक म्हणाले आणि पहिल्यांदाच खाली बघू लागले.

मला वाटतं, प्रकरणाचा खरा गाभा तिथे होता. पण आम्ही तिथवर पोहोचायला आणखी बरंच फिरून आलो, कारण आधी प्रश्न उभा राहिला की तक्रार करायची ती कोणत्या हक्काने.

मालक कोण

शिक्षकांच्या ग्रुपवर तोवर वातावरण तापलं होतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, हे कुणीतरी शोधून टाकलं होतं. त्याखाली अंगठ्यांची रांग. पोलिसांत जा, असा सूर. मी विचारलं की फिर्यादी कोण होणार? सगळे म्हणाले, अर्थात आम्ही, आम्ही लिहिलंय ना.

इथेच बहुतेकांची फसगत होते. १९५७च्या कायद्यानुसार लिहिणारा हा हक्काचा पहिला मालक खरा, पण कलम १७ त्याला अपवाद घालतं. नोकरीच्या करारान्वये, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, उलट काही ठरलं नसेल तर. नोंदणी केली की नाही याने फरक पडत नाही. नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी, हक्क तिच्यावाचूनही असतो.

मग शिक्षकाने स्वतःच्या फोनवर रात्री साडेअकराला केलेली वर्कशीट नोकरीचा भाग आहे का? शाळेने वर्कशीट करा असं सांगितलं नव्हतं; पण शिकवा असं सांगितलं होतं, आणि त्या दिवसांत शिकवणं म्हणजे काहीतरी पाठवणंच होतं. स्वतःच्या वर्गासाठी केलेली वर्कशीट माझ्या मते शाळेकडे झुकते. जो विषय किंवा इयत्ता आपण शिकवतच नाही तिच्यासाठी, ग्रुपकरता केलेली वर्कशीट लिहिणाऱ्याकडे झुकते. इंग्लंडमध्ये १९५२ साली एका नोकरदार लेखापालाच्या पुस्तकावरून असंच भांडण झालं होतं. त्याने दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानांवर आधारलेला भाग त्याचा ठरला. कंपनीने नेमून दिलेल्या कामातून आलेला भाग कंपनीचा. एकाच पुस्तकाची अशी फाळणी. त्याहून जुना, १९१६चा निकाल तर आम्हाला फारच जवळचा, कारण तो लंडन विद्यापीठाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकांबद्दल होता. बाहेरून नेमलेले परीक्षक नोकर नव्हेत, म्हणून प्रश्नपत्रिकेचा हक्क मुळात त्यांचा, आणि सर्वांना ठाऊक असलेल्या गणितावरच बेतली तरी ती स्वतंत्र कृती ठरते, असं तिथे म्हटलं गेलं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात थोडं वरचं माप लावलं: नुसते कष्ट पुरत नाहीत, काही कौशल्य आणि निवड दिसायला हवी. पाव अधिक अर्धा या बेरजेवर कुणाचाच हक्क नाही. वडापाव चौघांत वाटताना रुसलेल्या धाकट्या भावाच्या उदाहरणावर आहे.

हे माप घेऊन पाचही जणांकडे पाहिलं. निवृत्त बाई आणि शिकवणीच्या ताई, दोघींना नोकरी देणारा कुणीच नाही. त्यांची मालकी निखळ. मुलुंडचे सर आणि भांडुपच्या बाई अनुदानित शाळांतले. पगार सरकारी अनुदानातून, पण १९७७च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली नेमणूक करते ती संस्था. म्हणजे हक्क सांगितलाच तर सांगणार संस्था. परळच्या बाईंचं सगळ्यात कठीण. महापालिका १८८८च्या कायद्याने उभी राहिलेली. कायद्याने स्थापन झालेल्या निगम संस्थेच्या नियंत्रणाखाली झालेल्या कामाचा पहिला मालक ती संस्था, अशी एक वेगळी तरतूद कलम १७मध्येच आहे, आणि मैत्रिणीच्या मते महापालिका तिच्यात बसते. बाईंना हे सांगताना मला संकोच वाटला. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे लोकलसुद्धा माझी नाही?”

आमच्या घरातलं मुसळ

दरम्यान मी २१४ फाइल एकेक उघडून तक्ता केला. गणपतीची सुट्टी त्यातच गेली. सतरा वर्कशीटमध्ये बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातली चित्रं मोबाइलने फोटो काढून चिकटवलेली, किंवा कुसुमाग्रजांची अख्खी कविता उतरवलेली. विज्ञानाच्या बावीस वर्कशीटमध्ये आंतरजालावरून घेतलेल्या आकृत्या, त्यांतल्या काही ‘व्यापारी वापर नको’ या अटीच्या.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवून घेता येतात. त्यामुळे ती मुक्त आहेत असा सार्वत्रिक समज आहे. पुस्तकाचं श्रेयनामावलीचं पान उघडा: सर्व हक्क मंडळाकडे, संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. फुकट आणि मुक्त यांत केवढं अंतर आहे ते त्या एका पानावर कळतं. कवितांचंही तसंच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. बालकवी १९१८ला गेले, त्यांची कविता कुणीही वापरावी. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, त्यांच्या कवितांवर २०५९च्या अखेरपर्यंत हक्क आहे. दोन्ही कविता पाठ्यपुस्तकात शेजारीशेजारी असू शकतात, हा भाग वेगळा.

भांडुपच्या बाई चिडल्या. “मग आम्ही शिकवायचं तरी कसं?” शिकवायला हरकतच नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल कलम ५२ उल्लंघन मानत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशक कोर्टात गेले होते; ९ डिसेंबर २०१६च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हा शिकवण्याचा ओघ म्हणजे फक्त वर्गातलं व्याख्यान नव्हे, असा मोठा अर्थ लावला. प्रकाशकांनी पुढच्या वर्षी दावाच मागे घेतला. तेव्हा बाईंनी आपल्या वर्गाला बालभारतीचं चित्र पाठवलं यात काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढे. त्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं चिन्ह लावून आपण जगाला सांगतो की हे घ्या, बदला, छापा, विका. वर्गापुरती मिळालेली मुभा अशी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच तो प्रकार. मुलुंडच्या सरांनी भांडुपच्या बाईंच्या वर्कशीटवर चिन्ह लावलं तेही तेच, फक्त हलवाई ओळखीचा होता.

तक्ता ग्रुपवर टाकल्यावर पोलिसांचा विषय आपोआप मिटला.

परवाना कुठला

सरांच्या स्वतःच्या ७१ वर्कशीट उरल्या, ज्यांवर त्यांनी जाणूनबुजून परवाना लावला होता. तिथेही गंमत झाली. ‘श्रेय द्या, तसंच वाटा’ या परवान्यात विक्रीला बंदी नाही. म्हणजे १८० रुपये घेणं हा प्रकाशकांचा गुन्हाच नव्हता! चूक एवढीच, आणि ती मोठी: नाव गाळलं, परवान्याचा उल्लेख गाळला, बदल केलेत हे सांगितलं नाही, आणि वर स्वतःचे सर्व हक्क लावले. अटी मोडल्या की परवाना त्या माणसापुरता आपोआप संपतो; परवान्याची आवृत्ती ४.० असेल तर चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारल्यास तो आपोआप पुन्हा लागू होतो. सरांना हे पचायला जड गेलं. आपण विक्रीला परवानगी दिली होती हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही.

गिरगावच्या ताईंचं म्हणणं पडलं की आता तरी ‘व्यापारी वापर नको’ ही अट घालू या. मी विरोध केला. या अटीने बडा प्रकाशक फारसा अडत नाही. अडतो तो भांडुपच्या चाळीत वीस मुलांचा क्लास चालवणारा मुलगा, जो महिन्याला तीनशे रुपये घेतो आणि म्हणून घाबरून काही वापरत नाही. शिवाय या अटीचं साहित्य ‘तसंच वाटा’च्या साहित्यात मिसळता येत नाही, विकिपीडियावरची आकृती घेतली की गाडी अडली. ‘तसंच वाटा’ ही अट माझ्या मते जास्त पक्की. प्रकाशकाने विकावं, पण त्याने रूपांतर करून जे उभं केलं तेही त्याच परवान्यावर, म्हणजे त्याच्या पुस्तिकेची कुणीही राजरोस झेरॉक्स काढावी. ताई पूर्ण पटल्या नाहीत. मतदान तीन विरुद्ध एक झालं; परळच्या बाईंनी मत दिलं नाही, माझ्या मालकीचंच नाही तर मत कसलं, म्हणाल्या.

मुलुंड-भांडुपच्या संस्थेकडून एका पानाचं पत्र घेतलं. त्यातलं वाक्य मैत्रिणीने घडवलं, आणि ते मी तेव्हापासून सगळीकडे वापरते: या साहित्यावर संस्था हक्क सांगत नाही, आणि कायद्याने तो संस्थेचा असल्यास संस्था तो याच परवान्यावर खुला करते. मालक कोण या वादात न शिरता दोन्ही दारं बंद. चिटणीसांनी वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली. दहा मिनिटंही लागली नाहीत. तीन वर्षांपूर्वी मागितलं असतं तरी मिळालं असतं.

प्रकाशकांबरोबर साध्या कागदावर समझोता झाला. उरलेल्या प्रती विकायच्या नाहीत. नव्या आवृत्तीत प्रत्येक वर्कशीटखाली करणाऱ्याचं नाव आणि परवाना. हक्कांची ओळ काढायची. जुन्या प्रती रद्दीत घातल्या असं ते सांगतात. परळच्या बाईंच्या ५८ बाजूला ठेवल्यावर १५६ वर्कशीट उरल्या. त्यांतल्या सतरा काढल्या, बावीसमधल्या आकृत्या निवृत्त बाईंनी नव्याने हाताने काढल्या, ११७ जशाच्या तशा. सगळ्या युनिकोडमध्ये, मुक्ता या फॉन्टमध्ये. तो मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेला आणि मुक्त परवान्याचा आहे. परवाना आणि नाव आता प्रत्येक पानावर आहे, कारण पहिलं पान सगळ्यात आधी हरवतं.

परळच्या बाईंनी मुख्याध्यापिकांमार्फत शिक्षण विभागाकडे अर्ज दिला. संस्थेच्या पत्रातलंच वाक्य, फक्त नाव बदलून. सोबत कलम ५७चा उल्लेख केला: मालकी कुणाचीही असो, कृती आपली आहे असं म्हणण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या आपल्या भित्तिशिल्पासाठी याच कलमावर केंद्र सरकारशी झुंज दिली आणि २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ते जिंकले. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तेव्हा ज्या पुस्तिकेत बाईंची वर्कशीट असेल तिथे त्यांचं नाव लागलंच पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. पण ती वर्कशीट छापायला द्यायची की नाही, हे त्यांच्या हातात आहे असं मी लिहून देऊ शकत नाही.

अर्जाला आवक क्रमांक मिळाला. उत्तर आलेलं नाही. म्हणून ज्यांच्यामुळे हे सगळं उघडकीला आलं, त्यांचंच नाव नव्या पुस्तिकेत कुठे नाही. त्यांच्या ५८ वर्कशीट ड्राइव्हवर ‘परळ – थांबलेल्या’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, फक्त पाहण्यापुरत्या.

वर्गात त्या वाटायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. यंदाही बाईंनी शाळेसमोरच्या दुकानातून पंचेचाळीस झेरॉक्स काढून आणल्या. लोकल आता ७.४५ला सुटते.